कल्पित लोकांचे पंचांग

कल्पित विश्व उभारू पाहणाऱ्या लेखकाला नावे सुचणे सोपे असते. काळ सुचणे कठीण असते. पर्वत, नद्या आणि राजघराणी यांची नामावली एका बैठकीत सिद्ध होते. परंतु त्या विश्वातील लोकांचे वर्ष कोणत्या दिवशी सुरू होते, हा प्रश्न पुढे आला की तो बहुधा आपल्याच बारा महिन्यांना नवी नावे देऊन मोकळा होतो. १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला, आणि अद्भुत विश्वातील पात्रांच्या भूमिका घेऊन खेळण्याची प्रथा पुढे देशोदेशी पसरली. डोंगराच्या पोटात राहणाऱ्या खुज्या लोकांचे पंचांग रचणे हाही त्या खेळातील रसिकांचा एक छंद होय. अशा रचनेची कसोटी कोणती, हा प्रश्न मात्र साहित्यविचाराचा आहे.

या प्रश्नाचे एक जुने उत्तर काशीच्या विद्यापरंपरेत सापडते. पुण्यात १८२१ साली जन्मलेले बापूदेवशास्त्री वाराणसीच्या संस्कृत पाठशाळेत गणित व ज्योतिष शिकवीत. त्यांनी केलेले सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर १८६१ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाले. भास्कराचार्यांच्या गोलाध्यायाचे विल्किन्सनकृत भाषांतरही त्यांनीच शोधून त्यासोबत दिले. सूर्यसिद्धान्तात कालगणनेची नऊ माने सांगितली आहेत. त्यांत मनुष्यांच्या व्यवहाराच्या मानांबरोबर पितरांचे, देवांचे आणि ब्रह्मदेवाचे मानही आहे. म्हणजे मनुष्येतरांचे पंचांग ही कल्पना आपल्याकडे नवी नाही.

पितरांचे उदाहरण विशेष बोलके आहे. मनुस्मृतीत कृष्णपक्ष हा पितरांचा दिवस आणि शुक्लपक्ष ही त्यांची रात्र, अशी सरळ वाटणी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली तिच्यापुढे एक प्रश्न ठेवला: पितर राहतात कोठे? चंद्राच्या वरच्या भागावर, असे मानले तर अमावास्येला सूर्य त्यांच्या माथ्यावर येतो आणि पौर्णिमेला पायांखाली जातो. तेव्हा अमावास्या ही त्यांची मध्यान्ह आणि पौर्णिमा ही मध्यरात्र ठरते. त्यांचा सूर्योदय कृष्णाष्टमीच्या सुमारास आणि सूर्यास्त शुक्लाष्टमीच्या सुमारास होतो. देवांचेही तसेच. मेरूवर, म्हणजे उत्तर ध्रुवावर, सूर्य सहा महिने क्षितिजाच्या वर असतो, म्हणून आपले एक वर्ष ही त्यांची एक अहोरात्र होते. पितर चंद्रावर राहतात, हे श्रद्धेचे विधान. पण ते एकदा मान्य केले की पुढचे सारे गणित होय. राहण्याचे ठिकाण ठरले की आकाश ठरते, आणि आकाश ठरले की पंचांग ठरते.

हीच कसोटी टोल्कीन यांच्या 'द हॉबिट' (१९३७) या कादंबरीतील खुज्यांना लावून पाहण्यासारखी आहे. त्यांचे नववर्ष शरदातील अखेरच्या चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी येते. मात्र त्या दिवशी सूर्य आणि चंद्र आकाशात एकत्र दिसले तरच त्याला 'ड्युरिनचा दिवस' म्हणतात. अट साधी वाटते, परंतु कोवळी चंद्रकोर दिसणे हे गणिताला अवघड आहे. सूर्यसिद्धान्ताच्या मते चंद्र सूर्यापासून बारा अंश दूर गेल्यावर दिसू लागतो. हे अंतर प्रतिपदेच्या अखेरीस पुरे होते. कोर प्रतिपदेला दिसेल की द्वितीयेला, हे सूक्ष्म गणितावाचून सांगता येत नाही. कादंबरीतील खुजे आपणहून कबूल करतात की तो दिवस केव्हा येईल हे वर्तविण्याची विद्या त्यांच्यापाशी उरलेली नाही.

ही कबुली म्हणजे त्या कालगणनेतील सर्वांत खरी गोष्ट होय. ज्यांचे घर डोंगराच्या आत आहे त्यांचा सण आकाशावर अवलंबून आहे, आणि ड्रॅगनने घर हिरावल्यावर त्यांची विद्याही विखुरली. त्यांच्या गुप्त दाराचे कुलूप त्याच दिवसाच्या मावळत्या किरणात दिसते. म्हणजे हरवलेली तिथी सापडल्यावाचून हरवलेले घर सापडत नाही. येथे पंचांग ही सजावट राहत नाही. ते त्या लोकांचा इतिहास सांगू लागते.

गणित आणि आकाश यांची अशी ताटातूट केवळ कथेत घडते असे नाही. जुन्या कोष्टकांवरून केलेली पंचांगे आकाशाशी जुळेनाशी झाली, तेव्हा बापूदेवशास्त्र्यांनी १८७६ पासून काशीत दृक्प्रत्ययाचे पंचांग काढले. धर्मकृत्यांना पूर्वग्रंथांचेच गणित हवे, असे म्हणणारा पक्षही प्रबळ होता. वादाचा निर्णय कोणताही असो, समाज आपल्या तिथीसाठी भांडतो, कारण तिच्यात त्याला आपले सातत्य दिसते.

म्हणून खुज्यांचे पंचांग रचणाऱ्याने महिन्यांची नावे शोधण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत: हे लोक कोठे राहतात, तेथून त्यांना काय दिसते, आणि ते गणित त्यांच्यात कोण सांभाळतो. पहिल्या दोहोंनी पंचांग सुसंगत होते; तिसऱ्याने ते जिवंत होते.