आजी निघाली जपानला!

"बाई, माझी आजी जपानला यायचं नाही म्हणते!"

एप्रिल महिन्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी तोंड पाडून सांगत होती. तिचा मामा टोकियोत नोकरीला आहे. मे महिन्याच्या सुट्टीत ती, आई आणि आजी अशा तिघी त्याच्याकडे जाणार होत्या. पासपोर्ट, व्हिसा, तिकिटं, सगळी तयारी झाली होती. तेवढ्यात शेजारच्या कुणीतरी आजींना सांगितलं, "विमानात बसून बसून पायांत रक्ताच्या गाठी होतात हो!" झालं! आजींनी बॅग भरायचंच सोडून दिलं.

मुलांनो, शेजाऱ्यांचं बोलणं खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. आणि अर्धवट माहितीनं माणूस घाबरतो, शहाणा होत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी परिसर अभ्यासाच्या तासाला आम्ही हाच विषय घेतला.

पोटरीतला पंप

आधी एक प्रयोग करा. उभे राहा. पायाच्या मागच्या बाजूला, गुडघ्याच्या खाली, पोटरीवर हात ठेवा. आता टाचा उचला आणि खाली टेका. पोटरी कशी घट्ट होते आणि सैल पडते, कळलं?

हृदय रक्त पायांपर्यंत सहज ढकलतं. पण पायांतलं रक्त पुन्हा वर चढणार कसं? आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू आतल्या शिरा दाबतात आणि रक्त वर ढकललं जातं. शिरांमध्ये छोट्या झडपा असतात, त्या रक्ताला खाली परतू देत नाहीत. अगदी हातपंपासारखंच! म्हणून तर जपानी लोक पोटरीला 'दुसरं हृदय' म्हणतात.

तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसलं की हा पंप बंद पडतो. रक्त रेंगाळतं, पाय सुजतात आणि क्वचित एखाद्याच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं.

पण हे किती जणांना होतं? जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली अभ्यासाचे निष्कर्ष जाहीर केले. चार तासांहून जास्त प्रवास केला की गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. तरीसुद्धा निरोगी माणसांत तो सहा हजारांत एकाला, एवढाच. तुमच्यासारख्या मुलांना तर फारच कमी. वयस्कर माणसं, नुकतंच ऑपरेशन झालेले, गरोदर बायका आणि पूर्वी गुठळी झालेले यांनी मात्र निघण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

आणखी एक गोष्ट ऐका. ऑक्टोबर २००४ मध्ये जपानच्या निगाता भागात मोठा भूकंप झाला. घरात जायची भीती, म्हणून कित्येक लोक आपापल्या मोटारीत राहिले, तिथेच बसल्या बसल्या झोपले. त्यांतल्या काहींच्या पायांत गुठळ्या झाल्या आणि काही जण दगावलेही. मोटार तर जमिनीवरच होती! म्हणजे खरा दोष विमानाचा नव्हे, हालचाल न करता बसून राहण्याचा. एस्टीनं रात्रभर प्रवास करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

आजींची युक्ती, आणि तिची चूक

मुलीनं हे सगळं घरी सांगितलं. आजी जरा नरमल्या, पण म्हणाल्या, "मी पाणीच पिणार नाही. म्हणजे लोकांना ओलांडून संडासला जायला नको."

पालकांनो, ओळखीचं वाटतं ना? आपल्या घरोघरच्या आई-आजी प्रवासात हेच करतात. विमानात तर ही युक्ती फारच वाईट. बाहेर उणे पन्नास अंशांच्या आसपास थंडी असते, त्या हवेत बाष्प जवळजवळ नसतंच. तीच हवा आत घेतात, त्यामुळे विमानातली हवा अगदी कोरडी असते. ओठ फुटतात, डोळे चुरचुरतात, घसा सुकतो. शिवाय पाणी प्यायलं की उठावं लागतं, आणि उठणं हेच तर हवं! म्हणून मामानं आजींसाठी मधल्या वाटेच्या कडेची जागा मागून घेतली. कुणाला ओलांडायचा प्रश्नच मिटला. तपासणीतून भरलेली बाटली नेता येत नाही, रिकामी न्यायची आणि आत गेल्यावर भरून घ्यायची.

कळसूबाईहून उंच

विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून उडतं. आत हवेचा दाब वाढवलेला असतो, पण जमिनीइतका नाही. साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंच डोंगरावर असावा तितका. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर! म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या आपण कळसूबाईच्याही वर असतो. दाब कमी झाला की हवा फुगते. वेफर्सचं पाकीट टम्म होतं, तसंच पोटही. म्हणून निघण्याआधी छोले, वाटाणे आणि सोडा नको. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी या कमी दाबाबद्दलही डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

विमान उतरताना कानांत दडे बसतात. तेव्हा गोळी चघळा, जांभई द्या, आवंढा गिळा. तान्ह्या बाळाला दूध पाजा. झोपलेल्यांना उतरण्याआधी जागं करा.

घड्याळाचं गणित

आता थोडं गणित. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची, जपानची १३५ अंशांवरची. फरक ५२.५ अंश. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. करा भागाकार! साडेतीन तास आले ना? टोकियोत सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्या शरीराच्या घड्याळात पहाटेचे साडेचारच असतात. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस भलत्या वेळी झोप आणि भलत्या वेळी भूक. उपाय सोपा. तिकडे सकाळी उन्हात फिरायचं आणि रात्री तिकडच्याच वेळेला झोपायचं.

आणि एक गंमत! दिल्ली ते टोकियो सुमारे ५,९०० किलोमीटर. जाताना साधारण साडेसात तास लागतात, येताना मात्र साडेनऊच्या आसपास. कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञानं फुगे सोडून हे वारे मोजले आणि १९२६ साली त्यावर लिहिलं. म्हणजे परतीच्या वाटेवर पाय जास्त हलवायचे!

मग काय झालं?

आजी गेल्या! नातीनं वहीत तक्ता आखला होता. दर तासाला आजींनी बसल्या बसल्या वीस वेळा टाचा आणि चवडे वर-खाली करायचे, घोटा गोल फिरवायचा, चार घोट पाणी प्यायचं. पट्टा बांधायची खूण विझलेली असेल तेव्हा एक फेरी मारायची. प्रत्येक वेळी एक खूण. मध्यरात्री नात झोपून गेली. सकाळी पाहते तर पुढच्या खुणा आजींनी स्वतःच करून ठेवलेल्या!

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा आजी नातीला सोडायला आल्या होत्या. मी विचारलं, "पाय कसे आहेत आजी?" त्या हसून म्हणाल्या, "थोडे सुजले होते हो, चपला घट्ट झाल्या. पण दुसऱ्या दिवशी उतरले. आता घरी टीव्ही बघतानासुद्धा ही पोरगी मला तासातासाला उठवते!"

वहीत लिहून ठेवा

१. कपडे सैल, पादत्राणं मोकळी. पायांपुढे बॅग ठेवून जागा अडवू नका.

२. रोजची औषधं हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. सर्दीच्या आणि वेदनेच्या काही औषधांना जपानमध्ये बंदी किंवा मर्यादा आहे, म्हणून आधी जपानी वकिलातीकडे चौकशी करा.

३. बसलेले असाल तेव्हा पट्टा बांधलेलाच असू द्या.

४. प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर लगेच डॉक्टरांकडे जा. काही दिवस उलटून गेले असले तरीही!

आणि हो, हा लेख वाचताना तुम्ही किती वेळ एका जागी बसलात? उठा बघू! वीस वेळा टाचा वर, टाचा खाली. आजीलाही बोलवा.