‘पित्ता’चे ऑपरेशन म्हणजे नेमके कशाचे?

आमच्या बँकेत काउंटरवर बसणाऱ्या निम्म्या लोकांच्या ड्रॉवरमध्ये पित्ताची गोळी सापडेल, माझ्याही आहे. डब्यात ठेचा, वर चार चहा, मग छातीत जळजळ आणि घशाशी आंबट पाणी. या सगळ्याला आपण सरसकट ‘पित्त’ म्हणतो. या एका शब्दाने केवढा घोटाळा होतो ते आमच्या लातूरच्या मेव्हण्यांच्या बाबतीत पाहिले. पित्ताशयात खडे निघाले म्हणून त्यांनी पिशवी काढून घेतली, आणि आता जळजळही कायमची गेली असे समजून निर्धास्त झाले. खड्यांचे दुखणे गेले, जळजळ मात्र राहिली. ऑपरेशन चुकले नव्हते, समजूत चुकली होती.

पित्त यकृतात तयार होते. घशाशी येते ते बहुधा जठरातले आम्ल. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचे कडे असते व त्याला श्वासपटलाचा आधार असतो. घास जाताना ते उघडते, एरवी मिटलेले राहते. कोणाचे कडे नुसतेच सैल पडते. कोणाच्या श्वासपटलातले छिद्र रुंदावून जठराचा वरचा भाग छातीत सरकतो; हा हायटस हर्निया. त्यातल्या एका प्रकारात जठर अन्ननलिकेच्या बाजूने वर चढते. ते पिळले गेले तर जिवावर बेतते, म्हणून तिथे त्रास सुरू झाला की शस्त्रक्रियेचाच विचार करावा लागतो.

बाकी बहुतेकांचे गोळ्या, वजन उतरवणे आणि रात्री लवकर जेवणे यावर भागते. गोळी सोसत नाही, किंवा गोळीने जळजळ थांबूनही पाणी घशाशी येतच राहते, अशांसाठी ऑपरेशन आहे. त्यात जठर खाली ओढून घेतात, छिद्र टाक्यांनी लहान करतात आणि जठराचा वरचा सैल भाग मफलरसारखा अन्ननलिकेभोवती गुंडाळून टाचतात. ही युक्ती रुडॉल्फ निस्सेन यांची. ज्यू कुळात जन्मल्यामुळे हिटलरच्या राजवटीत १९३३ साली त्यांना जर्मनी सोडावी लागली. इस्तंबूलला असताना केलेल्या एका शस्त्रक्रियेतून ही कल्पना सुचली व १९५६ साली त्यांनी ती जगापुढे मांडली. (१९४८ मध्ये आईन्स्टाईनच्या पोटाचे ऑपरेशनही त्यांनीच केले होते.) १९९१ पासून हा वेढा दुर्बिणीतून, लहान छिद्रांवाटे घालता येऊ लागला. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीतून पित्ताशय काढून ही वाट उघडली होती.

वेढा सर्वांना सारखा नसतो. ज्यांच्या अन्ननलिकेत घास ढकलण्याची ताकद कमी, त्यांना पूर्ण वेढ्याऐवजी अर्धवट वेढा घालतात. फार स्थूल माणसाला जठराचा बायपास अधिक लागू पडतो. आणि कडे सैल नसून उघडतच नाही असाही एक आजार आहे. तिथे घट्ट वेढा घातला तर घास अडकून बसेल. म्हणून आधी दुर्बिणीची तपासणी, अन्ननलिकेतील दाबाची चाचणी आणि लागल्यास चोवीस तासांचे आम्लमापन करतात. दाबाची चाचणी तालुक्याला होत नाही, पण ती टाळून टेबलावर चढू नये.

ऑपरेशननंतर काही आठवडे पातळ-मऊ खावे लागते, ढेकर नीट येत नाही, पोट फुगते. काहींना पुढे गोळ्या पुन्हा सुरू होतात. हे डॉक्टरांनी आधी सांगितले नाही तर आपण विचारावे. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूरचे विलासराव देशमुख ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालये जवळ आहेत. योजनेत काय बसते ते आरोग्यमित्राला विचारावे. घास अडकणे, काळी शौच, वजन घटणे अंगावर काढू नये. जळजळीबरोबर घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर गोळी शोधत न बसता हृदयाची तपासणी करून घ्यावी.

मेव्हण्यांना शेवटी दुर्बिणीच्या तपासणीत साधेच सैल कडे निघाले. दुसरे ऑपरेशन लागले नाही. आता आठ वाजता जेवतात, आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा आहेत.