घरचा प्रश्न आणि जगाची सभा

घरातील भांडण चव्हाट्यावर नेऊ नये, अशी शिकवण आपल्याकडे वडीलधारी माणसे देत असतात. शेजाऱ्याच्या घरात डोकावणे हेही सभ्यपणाचे लक्षण मानले जात नाही. परंतु शेजारच्या घरातून एखाद्या दुबळ्या जिवाचा आक्रोश ऐकू आला, तर काय करावे? आपले दार लावून स्वस्थ बसावे, की उठून त्या दारावर थाप मारावी? जो प्रश्न दोन घरांच्या बाबतीत पडतो, तोच दोन राष्ट्रांच्या बाबतीतही पडतो. एखादे राष्ट्र आपल्या सीमेच्या आत आपल्याच माणसांना अन्यायाने वागवीत असेल, तर इतरांनी त्याविषयी बोलावे काय? मानवी हक्कांसाठी राष्ट्राराष्ट्रांचे प्रतिनिधी ज्या सभा भरवितात, त्यांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधीत आपल्याला न्यूयॉर्क आणि पॅरिस या दूरच्या नगरांत जावयाचे आहे, आणि तेथून थेट सोलापूरजवळच्या कुंभारी गावापर्यंत यावयाचे आहे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच दिले जाई. राज्यकर्ता आपल्या प्रजेला कसे वागवितो, ही त्याची घरगुती बाब समजली जात असे. १९३३ नंतर जर्मनीत हिटलरच्या राजवटीने ज्यू लोकांचे नागरिकत्व, व्यवसाय आणि मालमत्ता एकामागून एक हिरावून घेतल्या, तेव्हा इतर राष्ट्रांनी ते पाहिले. पण ते थांबविले नाही. पुढे महायुद्धाच्या काळात सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या झाली. घरात लागलेली आग घरापुरती राहत नाही, हे जगाला फार मोठी किंमत देऊन कळले. म्हणून २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सह्या झाल्या, तेव्हा तिच्या आरंभीच मूलभूत मानवी हक्कांवरील श्रद्धा नमूद करण्यात आली. त्याच सनदेत दुसरेही एक कलम होते. कोणत्याही राष्ट्राच्या अंतर्गत कारभारात संयुक्त राष्ट्रांनी ढवळाढवळ करू नये, असे त्यात म्हटले होते. ही दोन वचने एकमेकांसमोर उभी ठाकली तर कोणते मानावयाचे? याची कसोटी लवकरच लागली, आणि ती लावली भारताने.

दक्षिण आफ्रिकेत १८६० पासून हजारो भारतीय मजूर उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी नेण्यात आले होते. त्यांच्या मुलानातवंडांनी तेथेच घरे बांधली, दुकाने काढली. १९४६ मध्ये तेथील सरकारने एक कायदा केला. भारतीयांनी जमीन कोठे विकत घ्यावी आणि कोठे राहावे यावर त्या कायद्याने कडक बंधने घातली. माणसाने कोठे राहावे हे त्याच्या कातडीच्या रंगावरून ठरू लागले. भारत त्या वेळी स्वतंत्र झालेला नव्हता; तरीही त्याने दक्षिण आफ्रिकेशी असलेला व्यापार बंद केला, आणि हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे नेला. भारतीय प्रतिनिधिमंडळाच्या प्रमुख होत्या श्रीमती विजयालक्ष्मी पंडित. याच विजयालक्ष्मीबाई पुढे १९६२ ते १९६४ या काळात महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महंमद करीम छागला हेही त्या मंडळात होते.

दक्षिण आफ्रिकेची बाजू मांडण्यास तेथील पंतप्रधान जनरल स्मट्स स्वतः उपस्थित होते. सनदेच्या प्रास्ताविकेच्या रचनेत त्यांचाच मोठा हात होता. तरीही आपल्या देशातील भारतीयांचा प्रश्न हा आमचा घरगुती प्रश्न आहे, सभेने त्यात पडू नये, असे त्यांचे म्हणणे होते. मानवी हक्कांचे वचन सर्व जगाने दिलेले असताना त्याचा भंग ही कोणा एकाची खाजगी बाब राहू शकत नाही, असे भारताचे उत्तर होते. ८ डिसेंबर १९४६ रोजी मतदान झाले. भारताच्या बाजूने ३२ आणि विरुद्ध १५ मते पडली; ७ राष्ट्रे तटस्थ राहिली. भारतीयांना सनदेला अनुसरून वागविले जावे, असे सभेने सांगितले.

या ठरावाने दुसऱ्या दिवशी तेथील कायदा बदलला काय? नाही. सभेपाशी सैन्य नव्हते. उलट १९४८ नंतर दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेद अधिकच कठोर झाला. परंतु एकदा विचारलेला प्रश्न पुन्हा मिटला नाही. तो वर्षानुवर्षे सभेत येत राहिला, त्याला आफ्रिका व आशियातील नव्या राष्ट्रांचे बळ मिळत गेले, आणि देशाच्या आत लढणाऱ्यांना आपण एकटे नाही हे कळत राहिले. १९९४ मध्ये तेथे सर्व वर्णांच्या लोकांनी प्रथमच एकत्र मतदान केले. तोपर्यंत मध्ये ४८ वर्षे गेली होती.

‘मानवी हक्क’ असे सगळे म्हणत होते. पण ते हक्क कोणते, हे कोठे लिहिलेले होते? ते लिहून काढण्यासाठी १८ राष्ट्रांच्या प्रतिनिधींचा एक आयोग नेमण्यात आला. त्याच्या अध्यक्षा अमेरिकेच्या श्रीमती एलिनॉर रूझवेल्ट होत्या. भारताच्या प्रतिनिधी होत्या श्रीमती हंसा मेहता. त्या अठरा प्रतिनिधींत स्त्रिया या दोघीच. हंसाबाईंचा जन्म सुरतेचा, पण त्यांचे बरेचसे सार्वजनिक कार्य मुंबईत झाले. १९३० च्या चळवळीत परदेशी कापडाच्या दुकानांवर निरोधन केल्याबद्दल त्यांना तुरुंगवास घडला होता. महर्षी कर्व्यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या त्या कुलगुरू होत्या.

अशा सभेत काम कसे चालते? प्रथम कोणी तरी मसुदा तयार करतो. मग प्रतिनिधी त्यातील शब्द न् शब्द तपासतात, दुरुस्त्या सुचवितात, वाद करतात, आणि अखेर मत देतात. मसुद्याच्या पहिल्याच कलमात ‘ऑल मेन’ जन्मतः स्वतंत्र व समान आहेत, असे इंग्रजी शब्द होते. ‘मेन’ म्हणजे पुरुष. परंतु त्या काळच्या इंग्रजीत सर्व मनुष्यजातीसाठीही तोच शब्द योजीत. त्यात स्त्रिया आल्याच, असे काही प्रतिनिधींना वाटत होते. हंसाबाईंना ते मान्य नव्हते. उद्या एखादे सरकार या शब्दाचा अर्थ केवळ ‘पुरुष’ असा करील आणि स्त्रियांना वगळील, असे त्यांचे म्हणणे होते.

हा शब्दच्छल होता काय? आपल्याच बोलीकडे पाहा. ‘सभेला चार माणसे बोलवा’ असे गावात कोणी म्हटले, तर पूर्वी किती स्त्रियांना बोलावणे जाई? ‘माणूस’ या शब्दात स्त्रियाही येतात, हे व्याकरण सर्वांना ठाऊक होते; तरी बोलावणे मात्र पुरुषांनाच जात असे. ज्याचा उल्लेख स्पष्ट नसतो, त्याचा विसर पडणे सोपे असते. हंसाबाईंचा आग्रह अखेर फळास आला आणि ‘ऑल मेन’च्या जागी ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’, म्हणजे ‘सर्व मानव’, असे शब्द आले.

१९४८ च्या शरद ऋतूत हा मसुदा पॅरिस येथे आमसभेच्या एका समितीपुढे आला. एकट्या त्या समितीच्या ८१ बैठका झाल्या. शेवटी १० डिसेंबर १९४८ रोजी आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. त्या वेळी संयुक्त राष्ट्रांची सभासद राष्ट्रे ५८ होती. त्यांपैकी ४८ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले, प्रतिकूल मत कोणीही दिले नाही, आणि ८ राष्ट्रे तटस्थ राहिली. त्यांत दक्षिण आफ्रिका होती. जाहीरनाम्यात ३० कलमे आहेत, आणि १० डिसेंबर हा दिवस जगभर मानवी हक्क दिन म्हणून पाळला जातो.

आता आपण आपल्या घराकडे वळू. जो दुसऱ्याच्या दारावर थाप मारतो, त्याला आपल्या दारावरची थापही ऐकावी लागते. सर्व मानव जन्मतः समान आहेत असे भारत जगाला सांगत होता, त्या काळात सोलापूर शहरात एक मोठी वसाहत होती. तिला तारेचे कुंपण होते. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये एक कायदा करून काही जमातींना ‘गुन्हेगार’ ठरविले होते. पुढे तो कायदा मुंबई इलाख्यातही लागू झाला. अशा जमातींतील कुटुंबांना या वसाहतीत ठेवीत. त्यांतील अनेक जण दिवसा सोलापूरच्या कापडगिरण्यांत राबत. पण त्यांना हजेरी द्यावी लागे, आणि परवानगीवाचून बाहेरगावी जाता येत नसे. त्या कुंपणात जन्मलेल्या बाळाने कोणता गुन्हा केला होता? त्याची जात हाच त्याचा गुन्हा!

दक्षिण आफ्रिकेत माणसाने कोठे राहावे हे रंगावरून ठरत होते. येथे ते जन्मावरून ठरत होते. हा कायदा परक्या राजवटीने केलेला होता हे खरे, पण स्वतंत्र भारताने तो पुढे चालविला असता, तर जगाच्या सभेत आपण कोणत्या तोंडाने बोललो असतो? १९४९ मध्ये या कायद्याच्या चौकशीसाठी समिती नेमण्यात आली. १९५० मध्ये आलेल्या राज्यघटनेने सर्वांना समान मानले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला, आणि त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. कुंपणाच्या तारा गेल्या; मात्र लोकांच्या मनातील संशय तितक्या लवकर गेला नाही. सोलापुरातील त्या भागाला अजूनही ‘सेटलमेंट’ असेच म्हणतात.

जाहीरनामा एवढ्यावरच थांबत नाही. पंचविसाव्या कलमात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधपाणी यांसह माणसासारखे जगण्याचा हक्क सांगितला आहे. पॅरिसमधील प्रतिनिधींनी ‘निवारा’ हा शब्द लिहिला. पण शब्दाला भिंती आणि छप्पर नसते. सोलापुरातील विडी कामगार स्त्रियांना हे अनुभवाने ठाऊक होते. भिजवलेले टेंभुर्णीचे पान कातरावयाचे, त्यात चिमूटभर तंबाखू भरावयाची, ते वळून दोऱ्याने बांधावयाचे, आणि हजार विड्यांवर मजुरी मोजून घ्यावयाची, असे त्यांचे काम. हे काम बहुधा घरीच चाले. ज्या भाड्याच्या लहानशा खोलीत स्वयंपाक, निजणे आणि मुलांचा अभ्यास, तेथेच तंबाखूची धूळ! या स्त्रियांनी आपली संघटना केली, सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापिली, आणि घरांची मागणी लावून धरली. केंद्र सरकार आणि राज्य सरकार यांचे साहाय्य व कामगारांचा स्वतःचा पैसा यांतून कुंभारी येथे १०,००० घरे उभी राहिली. त्या वसाहतीला गोदूताई परुळेकर यांचे नाव देण्यात आले. २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरे कामगार स्त्रियांना मिळाली. त्यानंतर कुंभारीतच रेनगर ही आणखी मोठी वसाहत उभी राहू लागली. तेथील १५,००० घरांचे लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केले. यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरावेचक आणि विडी कामगार अशी कष्टकरी कुटुंबे त्यांत आहेत.

ही घरे पॅरिसच्या सभेने बांधली काय? नाही. ती श्रमाने, संघटनेने आणि सरकारी निधीने बांधली गेली. परंतु घर ही श्रीमंताची मर्जी किंवा सरकारची भीक नसून माणसाचा हक्क आहे, हे त्या सभेने लिहून ठेवले होते. हक्काने मागणारा माणूस मान ताठ ठेवून मागतो. अर्थात, एका कलमाची पूर्तता झाली म्हणजे सर्व कलमांची झाली असे नव्हे. तेविसाव्या कलमात न्याय्य मजुरी सांगितली आहे. ती आणि निरोगी काम यांची वाट कष्टकऱ्यांना पुढेही चालावी लागते.

जगाच्या सभा आजही भरतात. २००६ मध्ये जुन्या आयोगाच्या जागी ४७ सभासदांची मानवी हक्क परिषद आली. ती जिनिव्हा येथे भरते. वर्षाच्या पहिल्या अधिवेशनाच्या आरंभी अनेक देशांचे मंत्री तेथे येऊन बोलतात. २००८ पासून तेथे एक चांगली रीत सुरू झाली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सभासद राष्ट्रांनी, मग ती लहान असोत वा बलाढ्य, सुमारे साडेचार वर्षांनी पाळीपाळीने उत्तरे देण्यासाठी बसावे, अशी ती रीत आहे. साडेतीन तासांच्या बैठकीत इतर राष्ट्रे त्यांना प्रश्न विचारतात आणि सूचना करतात. भारताने २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ या वर्षी अशी उत्तरे दिली. काही राष्ट्रे तेथे मित्राचा दोष झाकतात आणि शत्रूचा वाढवून सांगतात, हेही खरे आहे. सूचना मानण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. तरीही, घरोघरी मातीच्या चुली असताना प्रत्येकाने आपली चूल सर्वांना दाखवावी, हा नियम जगात पूर्वी कधीच नव्हता.

सभेचे सामर्थ्य ओळंब्यासारखे असते. गवंडी भिंत बांधताना ओळंबा धरतो. ओळंबा स्वतः एकही वीट रचीत नाही, आणि वाकडी भिंत पाडूही शकत नाही. परंतु भिंत वाकडी आहे हे तो लपू देत नाही. भिंत सरळ करण्याचे काम ज्यांचे ते त्या घरात राहणाऱ्यांचे असते.