बून्सबरोची गढी

डॅनियल बूनने केंटकी नदीच्या काठावर एप्रिल १७७५ मध्ये बून्सबरो वसवायला घेतले. जमीन रिचर्ड हेंडरसनच्या ट्रान्सिल्व्हेनिया कंपनीने चेरोकींकडून घेतलेली. शॉनी मात्र तिला आपले शिकारीचे रान मानत, आणि त्यांना कोणी विचारलेच नव्हते. संघर्षाचे मूळ इथेच आहे.

तट दगडी नव्हता. ओंडक्यांच्या खोल्या चौकोनात मांडायच्या, त्यांच्या मागच्या भिंतींचाच तट करायचा आणि मधल्या जागी टोकदार खांब रोवायचे, अशी रचना होती. धोका दिसला की आसपासची कुटुंबे आत आसरा घेत.

फेब्रुवारी १७७८ मध्ये मीठ काढायला गेलेला बून शॉनींच्या हाती सापडला. त्यांचा प्रमुख ब्लॅकफिश याने त्याला मुलगा मानले, पण जूनमध्ये बून निसटला आणि सुमारे १६० मैल चार दिवसांत तुडवून गढीत पोहोचला. सप्टेंबरमध्ये ब्लॅकफिशने वेढा घातला. नदीकाठाकडून खणलेले भुयार पावसाने ढासळले आणि वेढा उठला. बक्षीस म्हणून की काय, बूनवर फितुरीचा खटला चालला! त्यात तो निर्दोष सुटला. कंपनीचा जमिनीवरचा दावा व्हर्जिनियाने त्याच वर्षी रद्द केला.

आज तिथल्या स्टेट पार्कमध्ये दिसते ती विसाव्या शतकात बांधलेली प्रतिकृती आहे.