चमकणारे कण आणि न तडकणारी काच

इंडक्शन शेगडीचा काळा, गुळगुळीत पृष्ठभाग म्हणजे जाड आणि कडक केलेली काच, असं बहुतेकांना वाटतं. चांगल्या शेगड्यांवर असतं ते ग्लास-सिरॅमिक, आणि ते टफन्ड काचेपेक्षा मुळातच वेगळं आहे. टफन्ड काच तापवून झटकन थंड केलेली असते. तिची आतली रचना काचेचीच राहते. ग्लास-सिरॅमिकच्या पोटात मात्र असंख्य सूक्ष्म स्फटिक मुद्दाम वाढवलेले असतात.

हे ‘मुद्दाम’ महत्त्वाचं आहे, कारण काच बनवणारे पिढ्यान्‌पिढ्या स्फटिकांना घाबरत आले. काच नको त्या तापमानाला जास्त वेळ राहिली की तिच्यात वेडेवाकडे स्फटिक धरतात. ती धुरकट होते, कमजोर होते. स्फटिक धरले की काच वाया गेली, हा समज अनुभवातूनच आलेला होता. तो मोडला एका बिघडलेल्या भट्टीने. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टुकी हे रसायनशास्त्रज्ञ काचेचा एक नमुना 600 अंश सेल्सिअसला तापवत होते. नियंत्रक बिघडला आणि भट्टी 900 अंशांवर गेली. आत काचेचा वितळलेला गोळा मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. मिळाली ती दुधासारखी पांढरी, आकार न बिघडलेली वडी. चिमट्यातून सुटून ती जमिनीवर पडली, पण फुटली नाही. स्टुकींनी तो नमुना टाकून न देता त्याचा माग काढला, हे त्यांचं खरं मोठेपण.

आज हेच काम ठरवून केलं जातं. काचेत थोडं टायटॅनियम किंवा झिर्कोनियमचं ऑक्साइड मिसळतात. आधी कमी तापमानाला स्फटिकांची बीजं धरू देतात, मग तापमान वाढवून ती हवी तेवढीच वाढवतात.

स्फटिक असले म्हणजे पदार्थ पांढराच दिसणार, हेही खरं नाही. जर्मनीतल्या शॉट कंपनीच्या ‘झेरोडुर’ या ग्लास-सिरॅमिकमध्ये वजनाने सत्तर टक्क्यांहून अधिक भाग स्फटिकांचा असतो, तरी त्याच्या आरपार दिसतं. त्याचे स्फटिक साधारण 30 ते 50 नॅनोमीटरचे असतात, आणि दृश्य प्रकाशाची तरंगलांबी 400 ते 700 नॅनोमीटर. एवढे छोटे अडथळे प्रकाशाला फारसे विखरू शकत नाहीत. शिवाय हे स्फटिक तापल्यावर किंचित आकुंचन पावतात आणि भोवतालची काच प्रसरण पावते. दोघांची वजाबाकी जवळजवळ शून्य येते. खिडकीच्या काचेची एक मीटर लांब पट्टी 50 अंशांनी तापवली तर ती सुमारे 0.45 मिलिमीटर वाढते. प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेट काचेची 0.16 मिलिमीटर वाढते. झेरोडुरची वाढ मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी! म्हणूनच हवाईतल्या केक दुर्बिणींचे आरसे झेरोडुरचे आहेत. पुण्याच्या आयुकासह भारतीय संस्था ज्या तीस मीटर दुर्बिणीच्या प्रकल्पात सहभागी आहेत, तिच्या आरशाचे 492 तुकडेही अशाच शून्यप्रसरणी ग्लास-सिरॅमिकचे असणार आहेत.

पण प्रसरण इतकं कमी असलं म्हणजे शेगडीची ही काच फुटतच नाही, असं नव्हे. ती सोसते तापमानातला अचानक बदल. जड तवा कोपऱ्यावर आपटला तर तीही तडकते, आणि तडा गेलेली शेगडी वापरणं धोक्याचं आहे. इंडक्शनमध्ये काच स्वतः तापवली जात नाही, हेही लक्षात ठेवावं. खालच्या तारेच्या वेटोळ्यामुळे भांड्याच्या बुडात वीजप्रवाह उमटतात आणि भांडं तापतं. काचेला चटका लागतो तो भांड्याकडून.

काचेतल्या स्फटिकांचा आकार आवरण्याची ही विद्या पुढे थेट नोबेलपर्यंत पोचली. क्वांटम डॉट, म्हणजे आकारानुसार प्रकाशाशी वेगळे वागणारे अतिसूक्ष्म स्फटिक, हे टीव्ही कंपन्यांनी काढलेलं नवं खूळ आहे, असं मानणारे बरेच भेटतात. प्रत्यक्षात 1981 साली अलेक्सी एकिमोव्ह सोव्हिएत संघात रंगीत काचेवर काम करत होते. काचेत वाढलेल्या कॉपर क्लोराइडच्या स्फटिकांचा आकार बदलला की प्रकाश शोषण्याची त्यांची पद्धत बदलते, हे त्यांनी दाखवलं. तिकडे अमेरिकेत लुई ब्रूस यांना द्रवात तरंगणाऱ्या कणांत तेच आढळलं आणि 1993 साली मौंगी बावेंडी यांनी एकसारखे कण बनवण्याची रीत दिली. 2023चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

क्वांटम डॉट चमकतात म्हणजे ते किरणोत्सर्गी असणार, ही भीती निराधार असली तरी तिच्यामागे एक दुःखद इतिहास आहे. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांना रेडियमचा चमकता रंग लावणाऱ्या कामगार मुली कुंचल्याला ओठांनी टोक काढत आणि त्यातून जीवघेण्या आजारांना बळी पडल्या. या कणांची चमक म्हणजे प्रतिदीप्ती, अर्थात फ्लुओरेसन्स; तिचा किरणोत्सर्गाशी संबंध नाही. बाहेरून आलेला प्रकाश शोषून पदार्थ तो दुसऱ्या रंगात परत देतो, एवढंच. अतिनील दिव्याखाली नोटेवरचे क्रमांक चमकतात, ते याच कारणाने. धोका असलाच तर तो पदार्थाच्या रसायनाचा असतो: कॅडमियमचे क्वांटम डॉट जपून हाताळावे लागतात. उलट 2012 साली भारतीय संशोधकांनी कार्बनचे चमकणारे कण चक्क संत्र्याच्या रसापासून तयार केले.

अशा चमकणाऱ्या कणांचे पदार्थ ओळखणारे सेन्सरही बनवतात. त्यांच्याबद्दलचा सर्वांत घट्ट समज असा, की शोधायचा पदार्थ सापडला की चमक वाढते. पुष्कळदा नेमकं उलट घडतं. लोहाचे आयन कार्बन कणांना चिकटले की त्यांची चमक विझत जाते आणि ती किती विझली यावरून लोहाचं प्रमाण काढतात. पण दिवा मंदावला, पाणी गढूळ असलं, तरीही चमक कमीच दिसणार! म्हणून चांगले सेन्सर एका चमकेवर भरवसा ठेवत नाहीत. अर्बियम आणि इटर्बियम ही मूलद्रव्यं मिसळलेल्या ग्लास-सिरॅमिकवर 980 नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त किरण टाकला की हिरवा प्रकाश निघतो, त्यात 525 आणि 545 नॅनोमीटरच्या आसपास दोन पट्टे असतात. तापमान वाढलं की पहिला पट्टा दुसऱ्याच्या तुलनेत बळावतो. या दोहोंचं गुणोत्तर म्हणजेच तापमापक, आणि किरण थोडा कमीजास्त झाला तरी ते फारसं ढळत नाही.

असे कण प्रयोगशाळेपुरतेच आहेत, हाही गैरसमज. हृदयविकाराच्या शंकेत ट्रोपोनिन हे प्रथिन मोजणाऱ्या काही चाचणी-पट्ट्यांत युरोपियम हे मूलद्रव्य असलेले कण वापरतात. रक्तातल्या इतर घटकांची चमक काही नॅनोसेकंदांत मावळते, युरोपियमची मात्र शेकडो मायक्रोसेकंद टिकते. यंत्राने क्षणभर थांबून मोजलं की खरी खूण तेवढी उरते.

पाण्याच्या बाबतीत मात्र सावध राहायला हवं. ‘विषारी धातू ओळखणारे नॅनोकण’ अशी बातमी वाचली की विचारावं: चाचणी ऊर्ध्वपातित पाण्यात झाली की विहिरीच्या? कॅल्शियम, लोह, क्लोराइड सोबत असतानाही उत्तर तेच आलं का? यवतमाळ, चंद्रपूरच्या भूजलातल्या फ्लोराइडसारख्या प्रश्नात सेन्सरचं चुकीचं उत्तर थेट दातांवर आणि हाडांवर उमटेल. असे सेन्सर खात्रीचे ठरेपर्यंत विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याबद्दल शंका असेल, तर नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जवळच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.