फर्नेस मध्येच का थांबते?

थंडीतलं घर : लेखांक सहावा

एडिसन, नेपरव्हिल, मिसिसागा. मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात अशा अमेरिका-कॅनडातल्या या गावांमध्ये डिसेंबर लागला की एक तक्रार हमखास ऐकू येते: फर्नेस सुरू होते, थोड्याच वेळात बंद पडते, पुन्हा सुरू होते, आणि घर काही तापत नाही. मेकॅनिक येईपर्यंत घरच्यांनी एक काम जरूर करावं. घड्याळ समोर ठेवून फर्नेस किती वेळ चालली ते पाहावं. ती काही सेकंदांत थांबली की काही मिनिटांत, आणि थांबली तेव्हा थर्मोस्टॅटचं समाधान झालं होतं का, एवढं नेमकं सांगता आलं तर निम्मं निदान झालंच म्हणून समजा.

कारण अशा वेळी बहुतेकदा फर्नेस मोडलेली नसते. तिच्या पोटात बसवलेल्या एखाद्या सुरक्षा-स्विचने तिला थांबवलेलं असतं, आणि प्रत्येक स्विचची थांबवण्याची वेळ वेगळी असते.

गॅसवर चालणाऱ्या फर्नेसचा क्रम ठरलेला आहे. थर्मोस्टॅटकडून २४ व्होल्टचा निरोप येतो. आधी एक छोटा पंखा जळणाच्या जागेतली जुनी हवा बाहेर ओढतो. ती नीट ओढली जाते आहे याची खात्री प्रेशर स्विच करून घेतो. मग इग्नायटर लालभडक होतो, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, बर्नर पेटतात. अर्ध्या-एक मिनिटाने मोठा ब्लोअर सुरू होतो आणि गरम हवा खोल्यांत जाऊ लागते.

आता समजा, बर्नर पेटले आणि चार-पाच सेकंदांत विझले. ब्लोअरची पाळी येण्याआधीच. असं दोन-तीनदा झालं की फर्नेस हात टेकते आणि बराच वेळ पुन्हा प्रयत्नच करत नाही. इथे पहिला संशय फ्लेम सेन्सरवर घ्यावा. नाव भारदस्त असलं तरी वस्तू साधी आहे: चिनी मातीच्या बुडातून निघालेली पेन्सिलपेक्षा बारीक धातूची काडी, एका स्क्रूने बसवलेली, टोक थेट ज्योतीत. ज्योतीतून वीज वाहू शकते आणि या रचनेत ती मुख्यतः एकाच दिशेने वाहते. तो प्रवाह जेमतेम काही मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरचे काही दशलक्षांश भाग. तेवढा मिळाला तरच कंट्रोल बोर्ड मानतो की ज्योत खरंच आहे. नाही तर न जळलेला गॅस घरात साचू नये म्हणून व्हॉल्व्ह लगेच बंद करतो. काडीवर हिवाळ्यागणिक पांढुरकं पुट चढत जातं आणि ते वीज अडवतं. ज्योत समोर धडधडत असते, पण बोर्डाला ती दिसत नाही.

उपाय दहा मिनिटांचा आहे. वीज आणि गॅस दोन्ही बंद करायचे, स्क्रू काढायचा, काडी बारीक स्टील वूलने हलक्या हाताने घासायची, कोरड्या कापडाने पुसून परत बसवायची. शेजारच्या इग्नायटरला मात्र बोट लावू नये; तो फार ठिसूळ असतो. ज्यांना हे काम स्वतः करणं धोक्याचं वाटतं त्यांनी मेकॅनिककडूनच करून घ्यावं, पण काय करायचं आहे ते माहीत असलं की नको ते सुटे भाग बदलले जात नाहीत.

दुसरा प्रकार मिनिटांचा. बर्नर पेटतात, ब्लोअर सुरू होतो, गरम हवा येते, आणि चार-पाच मिनिटांनी बर्नर विझतात. पण ब्लोअर चालूच राहतो. थर्मोस्टॅट अजून उष्णता मागतोच आहे. हे काम लिमिट स्विचचं. चटणी वाटताना मिक्सर तापून बंद पडावा, तसंच इथे होतं. फक्त हा स्विच थंड झाला की आपणहून जोडला जातो, आणि तेच चक्र पुन्हा सुरू होतं. फर्नेस तापते कारण तिच्यातून पुरेशी हवा वाहत नाही, आणि हवा वाहत नाही याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे धुळीने गच्च झालेला फिल्टर. कोविडनंतर अनेकांनी ‘मर्व्ह १३’ दर्जाचे दाट फिल्टर लावायला सुरुवात केली. हवा स्वच्छ करण्यासाठी ते चांगलेच, पण एक इंच जाडीचा दाट फिल्टर जुन्या ब्लोअरला जड जातो आणि लवकर भरतो. फिल्टर काढून फर्नेस थोडा वेळ चालवून पाहावी. आता ती न विझता चालली, तर चोर सापडला. नवा फिल्टर बसवताना त्यावरचा बाण ब्लोअरच्या दिशेने हवा, आणि फिल्टरशिवाय फर्नेस तशीच चालू ठेवू नये.

रिकाम्या खोल्यांचे व्हेंट बंद केले की गॅस वाचतो, ही समजूतही इथे नडते. पाच-सहा व्हेंट बंद, दोनांवर गालिचा, एकावर सोफा; मग तापलेली हवा जाणार कुठे?

तिसरा दोष घराबाहेर असतो. नव्या, जास्त कार्यक्षम फर्नेस धुरातली वाफसुद्धा थंड करून तिची उष्णता घेतात. त्यांचा धूर भिंतीतून निघालेल्या प्लास्टिकच्या पाइपातून बाहेर पडतो, आणि वाफेचं झालेलं पाणी बारीक नळीतून वाहून जातं. पाइपाचं तोंड बर्फाने बुजलं किंवा ती नळी तुंबली की प्रेशर स्विच फर्नेस थांबवतो. जानेवारी २०१६ च्या हिमवादळात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये २७.५ इंच बर्फ पडला. इतक्या बर्फात जमिनीपासून फूट-दीड फुटावरचा पाइप सहज गाडला जातो. मोठ्या वादळानंतर फावडं घेऊन आधी त्या पाइपाकडे जावं.

कंट्रोल बोर्डावरचा छोटा दिवा ठरावीक उघडझाप करून दोषाचा क्रमांक सांगतो आणि त्याचा तक्ता फर्नेसच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. दार काढलं की वीज तुटते आणि काही बोर्डांवरचा क्रमांक पुसला जातो. म्हणून उघडझाप आधी दाराच्या काचेतून मोजावी.

आणि थर्मोस्टॅटचं समाधान होऊनच फर्नेस थांबत असेल तर? मग घाबरून जायचं कारण नाही. साध्या गॅस फर्नेससाठी अनेक थर्मोस्टॅट तासाला पाच फेऱ्यांवर लावलेले असतात. घराला निम्मी उष्णता लागत असेल तेव्हा सहा मिनिटं चालू, सहा मिनिटं बंद, हे ठीकच. थर्मोस्टॅटवर दुपारचं ऊन किंवा व्हेंटची गरम हवा येत असेल तर तो फसतो, तेही पाहून घ्यावं. पण खऱ्या कडाक्याच्या थंडीतही फर्नेस दोन-तीन मिनिटांत खोली तापवून थांबत असेल, तर ती घराच्या मानाने मोठी आहे. ३० जानेवारी २०१९ ला शिकागोत पारा उणे २३ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे ३० सेल्सियसच्याही खाली गेला होता. अशा दिवशी योग्य मापाची फर्नेस जवळजवळ सतत चालायला हवी. चालत राहणं हा तिचा दोष नाही. मोठी फर्नेस मात्र वारंवार पेटून-विझून झिजते, आणि दूरच्या खोल्या गारच राहतात. ‘मोठी घ्या, बरी असते’ असं सांगणाऱ्या विक्रेत्याकडे घराच्या उष्णतेचा हिशोब लेखी मागावा. अमेरिकेत त्याची ‘मॅन्युअल जे’ नावाची मान्य पद्धत आहे.

गरजेपुरतंच जाळण्याची कल्पना जुनी आहे. न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनच्या अ‍ॅलिस पार्कर यांना १९१९ मध्ये गॅस फर्नेसचं पेटंट मिळालं. तिच्यातले बर्नर स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येतील अशी त्यांची योजना होती. आज टू-स्टेज फर्नेस सौम्य थंडीत मंद जळून बराच वेळ चालते, आणि फर्नेस बदलायचीच असेल तर या प्रकाराचा विचार जरूर करावा.

एका स्विचला मात्र हात लावू नये. बर्नरजवळ छोटं बटण असलेला रोलआउट स्विच असतो. ज्योत बाहेरच्या बाजूला फेकली गेली की तो तुटतो आणि हाताने दाबल्याशिवाय जोडला जात नाही. त्यामागे धुराडं तुंबलेलं किंवा धूर आणि घरातली हवा वेगळी ठेवणारा हीट एक्स्चेंजर तडकलेला असू शकतो. दोन्हींतून कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो, आणि त्याला ना रंग ना वास. पुनःपुन्हा बटण दाबण्याऐवजी गॅस बंद करून तंत्रज्ञाला बोलवावं. झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. तो वाजला तर म्हाताऱ्या-कोताऱ्यांसह सगळ्यांनी आधी बाहेर पडावं आणि बाहेरूनच ९११ ला फोन करावा.

पुढच्या आठवड्यात : जुन्या घरांतले बॉयलर आणि ठकठक आवाज करणारे रेडिएटर.