आतड्यापासून यकृतापर्यंत

म्हैसूर शहरातील चेलुवांबा मॅन्शन या जुन्या राजवाड्यात १९५० साली केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेचे कार्य सुरू झाले. डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन् हे तिचे पहिले संचालक होत. देशापुढे त्या काळी अन्नाचा, त्यातही प्रथिनांचा, तुटवडा हा बिकट प्रश्न होता. तेल काढून घेतलेल्या शेंगदाण्यांचे पीठ आणि हरभऱ्याचे पीठ एकत्र करून, त्यात जीवनसत्त्वे व कॅल्शियम मिसळून संस्थेने एक स्वस्त पूरक अन्न सिद्ध केले. ‘बहुउद्देशीय अन्न’ या नावाने ते ओळखले गेले.

असे अन्न ज्या मुलांसाठी हवे होते, त्यांच्यापैकी काहींना क्वाशिओरकोर नावाचा कुपोषणजन्य विकार जडलेला असे. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ साली आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, येथील मुलांत या विकाराचे वर्णन केले. पायांवर सूज येते, केस विरळ व तांबूस होतात आणि यकृत चरबीने भरून जाते. ज्याला पोटभर अन्न नाही, त्याच्या यकृतात चरबी साठावी, हे मोठेच कोडे होय.

आज त्याच म्हैसुरात, पुण्यात किंवा कोल्हापुरात बैठे काम करणाऱ्या सुखवस्तू माणसाची सोनोग्राफी केली, तर अहवालात पुष्कळदा ‘फॅटी लिव्हर’ हे शब्द आढळतात. तो मद्याला शिवतही नसेल. उपासमार आणि सुबत्ता या दोन टोकांना यकृताचे दुखणे एकच कसे? त्याच्या उत्तराचा एक भाग आतड्यात सापडतो.

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त हृदयाकडून थेट येत नाही. ते आतड्यांवरून फिरून एका मोठ्या शिरेवाटे येते. या शिरेला डॉक्टर पोर्टल व्हेन म्हणतात. पचलेल्या अन्नाचा रस प्रथम यकृताच्या दारी यावा, अशी ही योजना आहे. परंतु त्याच वाटेने आतड्यातील इतर पदार्थही येऊ शकतात. आतड्यात अब्जावधी जंतू सुखाने नांदत असतात. त्यांच्या आणि रक्ताच्या मध्ये पेशींच्या एकाच थराचे अस्तर असते. या पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असतात, तोवर सारे ठीक चालते. अस्तर सैल पडले, किंवा नको ते जंतू माजले, की जंतूंच्या आवरणातील विषारी अंश रक्तात झिरपतात. यकृतातील रक्षक पेशी त्यांना अडवतात. पण रोजच्या या झुंजीत यकृतालाच दाह होतो. चरबीने भरलेल्या यकृताला असा दाह सोसवत नाही. कालांतराने तेथे व्रणासारखे तंतू तयार होतात.

हा संबंध केवळ तर्काने जोडलेला नाही. लठ्ठपणा घटवण्यासाठी पूर्वी परदेशांत लहान आतड्याचा बराचसा भाग वळसा घालून टाळण्याची शस्त्रक्रिया करीत. त्या बाजूला पडलेल्या भागात जंतू माजत, आणि काही रुग्णांची यकृते चरबीने भरून निकामी होत. मेट्रोनिडाझोल हे जंतुनाशक औषध दिल्यास ही चरबी साठत नाही किंवा ओसरते, असे अमेरिकेतील डॉक्टरांनी १९८२ साली दाखवून दिले. पुढे २०१३ साली मलावी देशातील जुळ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच घरात वाढलेल्या जुळ्यांपैकी एकाला क्वाशिओरकोर होई, दुसरा मात्र बचावे. दोघांच्या आतड्यांतील जंतू निर्जंतुक उंदरांत सोडून त्यांना मलावीतल्यासारखा आहार दिला, तेव्हा आजारी मुलाचे जंतू मिळालेल्या उंदरांचे वजन अधिक घटले. अन्न तेच, फरक जंतूंचा. २०१९ साली चीनमधील संशोधकांनी तर आतड्यातच मद्यार्क तयार करणारे जंतू काही फॅटी लिव्हरच्या रुग्णांत दाखवले. मद्य न पिणाऱ्याच्या यकृतालाही त्याचा मारा सोसावा लागतो!

ही वाहतूक दुहेरी आहे, हेही ध्यानात घ्यावे. यकृत पित्त बनवून आतड्यात सोडते. पित्त चरबी पचवते आणि जंतूंनाही आवर घालते. यकृत बिघडले की पित्ताची घडण बदलते व आतड्याची घडी विस्कटते.

म्हणून प्रत्येक अपचन किंवा पोटफुगी म्हणजे यकृतविकार, असा धसका घेऊ नये. आणि जंतूंचा दोष म्हणून स्वतःच्या मनाने जंतुनाशक गोळ्या तर मुळीच घेऊ नयेत. त्या उपयुक्त जंतूंनाही मारतात. फॅटी लिव्हर बहुधा दुखत नाही. म्हणून मधुमेह किंवा पोटाचा वाढता घेर असणाऱ्यांनी तपासणी टाळू नये. लठ्ठ माणसाने आपले वजन शेकडा ७ ते १० इतके कमी केले, तर यकृतातील चरबी व दाह पुष्कळ ओसरतो. साखर कमी, कडधान्ये व भाज्या अधिक, रोजचे चालणे, हेच यावरचे मुख्य उपचार. कडधान्यांतील व भाज्यांतील तंतू हेच आतड्यातील हितकर जंतूंचे अन्न होय.

हरभऱ्याच्या पिठात तूप व साखर ओतून म्हैसूरपाक होतो. त्याच पिठात शेंगदाण्याचे पीठ मिसळून म्हैसुरातच भुकेल्या मुलांसाठी अन्न झाले. एका यकृताला पहिल्याचा अतिरेक जड जातो, दुसऱ्याला दुसऱ्याचा अभाव. दोघांचीही वाट आतड्यातूनच जाते.